कोणते शहापूर?

"शहापूर येथून तरुणी बेपत्ता. दिसल्यास कळवा." एवढाच मजकूर, खाली एक फोटो आणि दहा आकडी क्रमांक. असा संदेश एका गटातून दुसऱ्या गटात पोहोचला की वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न यायला हवा तो म्हणजे, कोणते शहापूर? मुंबई-नाशिक महामार्गावरचे, ठाणे जिल्ह्यातले तालुक्याचे शहापूर आहे. बेळगावचा एक जुना भाग शहापूर आहे. इचलकरंजीला लागून एक शहापूर आहे आणि कर्नाटकाच्या यादगीर जिल्ह्यातही एक आहे. भंडारा शहराहून नागपूरकडे निघाले की थोड्याच अंतरावर लागते तेही शहापूरच. या शहापूरजवळ जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना आहे आणि कारखान्यालगतच्या गावाचे नाव ठाणा. सारा परिसर त्याला 'ठाणा पेट्रोलपंप' म्हणून ओळखतो. आता संदेशात कोणी 'ठाणा, शहापूर' असे लिहिले, तर कल्याण-डोंबिवलीतला वाचक तो बिनदिक्कत ठाणे जिल्ह्यातला समजेल. मग मुलगी वैनगंगेच्या खोऱ्यातून हरवलेली असेल आणि लोक तिला कसाऱ्याच्या लोकलमध्ये शोधत बसतील. फोटो खरा, कळकळ खरी, क्रमांकही खरा असेल. तरी जिल्ह्याचा एक शब्द गळाला म्हणून सगळे व्यर्थ जाईल.

हरवलेल्या माणसाला मराठीत 'बेपत्ता' म्हणतात. सापडला की 'पत्ता लागला' म्हणतात. समाजमाध्यमांवरच्या पोस्टचे अशा प्रकरणांत मोल किती, याचे उत्तर मला या एका शब्दात दिसते. पोस्टमध्ये लिहिलेला मजकूर हा तिचा सर्वांत कच्चा भाग असतो. पक्का असतो तो तिचा पत्ता. ती कोणत्या क्षणी, कोणत्या फोनवरून, कुठून आणि कोणाला गेली, आणि त्या माणसाच्या रोजच्या सवयीशी ती जुळते की नाही, हे त्या पत्त्यात येते. आपण मात्र उलटे वागतो. शेवटच्या स्टेटसमधली दुःखी ओळ, तुटलेल्या हृदयाचे चित्र, गाण्याचा तुकडा यांचा अर्थ लावण्यात दिवस घालवतो आणि जे मोजता येते ते हातचे जाऊ देतो.

भंडाऱ्याच्या शहापुरात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. हे गाव नागपूर-रायपूर राष्ट्रीय महामार्गावर आहे. हा पूर्वीचा सहा क्रमांकाचा महामार्ग, आता त्रेपन्न क्रमांकाचा. इथे मनोहरभाई पटेल यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि महाविद्यालय म्हटले की घर सोडून, खोली करून राहणारी मुलेमुली आलीच. वरठीला भंडारा रोड स्थानक आहे, हावडा-मुंबई मार्गावरचे. सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत नागपूर, गोंदिया, बालाघाट किंवा राजनांदगाव यांपैकी कुठेही असू शकतो. म्हणजे घरच्यांना शंका येऊन ते पोलीस ठाण्यात 'मिसिंग' दाखल करायला पोहोचेपर्यंत जिल्ह्याची हद्द आणि कदाचित राज्याचीही हद्द ओलांडलेली असते. मागे उरते ती फोनमध्ये साठलेली सवय. हा प्रश्न चार-दोन घरांपुरता नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०१८ या एका वर्षात महाराष्ट्रात ३३,९६४ महिला बेपत्ता झाल्याची नोंद झाली होती. देशातल्या राज्यांत तो आकडा सर्वांत मोठा होता.

मजकूर आणि पत्ता यांतला फरक श्रद्धा वालकर प्रकरणाइतका स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतो. वसईची ही तरुणी २०२२ साली जोडीदारासोबत दिल्लीत मेहरौलीला राहायला गेली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार १८ मे रोजी तिचा खून झाला. खटला अजून न्यायालयात आहे, म्हणून इथे जे येते आहे ते तपास यंत्रणेने मांडलेले समजावे. खुनानंतरही तिच्या इन्स्टाग्राम खात्यावरून मैत्रिणींशी गप्पा चालू राहिल्या. मजकूर वाचणाऱ्याला ती जिवंत होती. तिचा फोन लागत नाही, हे एका मित्राने तिच्या भावाला सांगितले तेव्हा सप्टेंबर उजाडला होता. वडिलांनी माणिकपूर पोलीस ठाण्यात तक्रार दिली ती ऑक्टोबरमध्ये. आरोपी असलेल्या या जोडीदाराने सांगितले की ती २२ मे रोजी भांडून, फक्त फोन घेऊन घराबाहेर पडली. पण २६ मे रोजी तिच्या बँक खात्यातून ५४ हजार रुपये वळते झाले होते आणि ३१ मे रोजी तिच्या खात्यावरून एका मित्राशी बोलणे झाले होते. या दोन्ही वेळी फोनचे ठिकाण मेहरौलीच निघाले. घर सोडून गेलेल्या मुलीचा फोन घरातच बोलत होता. शब्दांनी खोटे सांगितले आणि ठिकाणाने ते उघडे पाडले. १२ नोव्हेंबरला अटक झाली.

इथे पहिला आक्षेप येतो. पोस्ट इतक्या सहज खोट्या करता येतात, तर त्यांना पुरावा का म्हणायचे? माझे म्हणणे असे की खोटी पोस्ट खऱ्या पोस्टहून अधिक बोलते. खोटे लिहिणाऱ्यालाही ते कुठून तरी, कधी तरी, कोणत्या तरी यंत्रावरून लिहावे लागते, आणि दुसऱ्याच्या बोलण्याची लकब उचलावी लागते. सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे एप्रिल २०१६ मध्ये नवी मुंबईतून नाहीशा झाल्या. त्यानंतर त्यांच्याच फोनवरून नातेवाइकांना संदेश गेला होता. मृतदेह कधीच मिळाला नाही. तरीही पनवेलच्या सत्र न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर याला दोषी ठरवून जन्मठेप दिली. देह नसलेल्या खुनाचा खटला परिस्थितिजन्य पुराव्यावर उभा करायचा तर असे तांत्रिक धागेच विणावे लागतात. अमेरिकेत २०२१ साली गॅबी पेटिटो या तरुणीच्या आईला मुलीच्या फोनवरून एक संदेश आला. त्यात आजोबांचा उल्लेख त्यांच्या नावाने, 'स्टॅन' असा होता. मुलगी आजोबांना कधीच नावाने हाक मारत नसे. आईला संशय आला तो त्या एका शब्दामुळे.

हा कान फक्त घरच्यांना असतो, आणि भंडारा जिल्ह्यात तर तो फारच मोलाचा ठरावा. हा झाडीबोलीचा मुलूख. या बोलीत 'ण' नाही, 'ळ' नाही. घरी आईला पाठवलेल्या ध्वनिसंदेशात ही बोली जशीच्या तशी येते. तीच मुलगी महाविद्यालयाच्या गटात प्रमाण मराठी किंवा हिंदी लिहिते, आणि रोमन लिपीत टंकले की 'ण' आणि 'न' यांतला भेदच पुसला जातो. म्हणून नुसते अक्षर पाहून काही सांगता येत नाही. ती आईला कोणत्या शब्दाने हाक मारते, प्रश्नाला एका शब्दात उत्तर देते की ओळीभर, लिहिते की बोलून पाठवते, रात्री शेवटचा संदेश साधारण किती वाजता येतो, हे दिल्लीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या कुठल्याही तज्ज्ञाला ठाऊक असणार नाही. हरवल्याच्या नोंदीत उंची, बांधा, वर्ण, कपडे आणि अंगावरच्या खुणा लिहून घेतात. फोन वापरायची सवय ही आज तितकीच ठळक खूण आहे. पहिल्याच जबाबात तिला जागा हवी.

सवय नोंदली की मौनही वाचता येते. कायद्याला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ने सांगितले होते की, माणूस जिवंत असता तर ज्यांना त्याची खबर स्वाभाविकपणे मिळाली असती, त्यांना सात वर्षे ती मिळाली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तरतूद कलम १११मध्ये आहे. पत्र आणि तार यांच्या काळात मौन वर्षांत मोजावे लागे. आज रोज दहा वेळा स्टेटस बदलणाऱ्या मुलीचे सहा तासांचे मौनही खूप काही सांगते. महिन्यातून एकदा फोन उघडणाऱ्या आजोबांच्या बाबतीत आठ दिवसांचे मौनही काही सांगत नाही. यावर कोणी म्हणेल, गावात नेटवर्क जाते, नेटपॅक संपतो, फोनची बॅटरी उतरते, मग दर मौनाला घाबरायचे का? घाबरायचे नाही, त्या माणसाच्या नेहमीच्या वागण्याशी ताडून पाहायचे. संदेशापुढे एकच टिक राहिली म्हणजे तो पोहोचला नाही. दोन टिका आल्या आणि उत्तर आले नाही, म्हणजे फोन चालू आहे. ही दोन मौने वेगळी आहेत, आणि कोणते केव्हा सुरू झाले ते कागदावर वेळेसह टिपून ठेवणे कोणालाही जमण्यासारखे आहे.

पण हा सगळा ऐवज नाशवंत आहे. स्टेटस आणि स्टोरी चोवीस तासांत दिसेनाशा होतात. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१च्या नियमांनुसार काढून टाकलेला मजकूर आणि बंद केलेल्या खात्याची नोंदणी-माहिती कंपन्यांनी १८० दिवस जपायची असते, आणि तपास यंत्रणेने रीतसर लेखी आदेश दिल्यावर ७२ तासांच्या आत माहिती द्यायची असते. श्रद्धाच्या प्रकरणात १८ मेपासून १८० दिवस मोजले तर १४ नोव्हेंबर येतो. अटक झाली ती या तारखेच्या जेमतेम दोन दिवस आधी. त्या प्रकरणात नेमका हाच नियम आड आला असता असे मला म्हणायचे नाही. मात्र तक्रारीला आणखी थोडा उशीर झाला असता तर एखाद्या धाग्याची मुदत संपली असती, हे लक्षात घ्यावे. व्हॉट्सअॅपचा मजकूर तर दोन टोकांच्या फोनांवरच वाचता येतो, कंपनीलाही तो दिसत नाही. म्हणजे समोरच्या मैत्रिणीने गप्पा पुसल्या की गेल्या.

घरच्यांच्या धडपडीने पुरावा बिघडण्याची भीतीही असते. ती चूक त्यांची नसते, कारण त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. मुलीचा पासवर्ड अंदाजाने टाकून खाते उघडायचा प्रयत्न भाऊ करतो, आणि प्रत्येक प्रयत्नागणिक एक नवे यंत्र, एक नवे ठिकाण त्या खात्याच्या नोंदीत भर घालते. खरा माग आणि भावाचा माग यांचा गुंता होतो. फोटो एका फोनवरून दुसऱ्यावर व्हॉट्सअॅपने पाठवला की तो केव्हा, कुठे काढला ही फायलीतली माहिती गळून पडते. ती उरते फक्त मूळ फोनमध्ये. स्क्रीनशॉट काढून मूळ संदेश पुसला तर न्यायालयात उत्तर देणे अवघड होते. हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात निर्णायकपणे गेला तो महाराष्ट्रातूनच, जालन्याच्या निवडणुकीच्या वादातून. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की मूळ यंत्र हजर करता येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागेलच. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ने ही अट कायम ठेवली. म्हणून मैत्रिणीकडे शेवटचा संदेश आला असेल, तर तो पुढे पाठवण्याआधी तिने तो फोन जसाच्या तसा पोलिसांना दाखवणे महत्त्वाचे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पोलिसांनी वेळेवर तक्रारच घेतली नाही तर हे सगळे काय कामाचे? या आक्षेपाला भंडारा जिल्ह्याच्या इतिहासात आधार आहे. याच महामार्गावर पुढे लाखनीजवळ मुरमाडी हे गाव लागते. १४ फेब्रुवारी २०१३ रोजी तिथल्या तीन लहान बहिणी बेपत्ता झाल्या आणि दोन दिवसांनी त्यांचे मृतदेह विहिरीत सापडले. पोलिसांनी ढिलाई केली, हा लोकांचा संताप होता. त्या संतापापायी महामार्ग अडवला गेला. त्या घरात ना स्टेटस होते ना खाते. तिथे हवे होते ते पहिल्या तासांतले शोधकार्य, आणि कोणतीही पोस्ट त्याची जागा घेऊ शकत नाही. त्याच वर्षी १० मे रोजी, बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हरवलेल्या मुलाची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवावी आणि अपहरणाची शक्यता गृहीत धरून तपास करावा. चोवीस तास थांबा, असे सांगायला कायद्यात आधार नाही. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार घटना कोणत्याही हद्दीत घडली असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. शहापूरहून नागपूरला गेलेल्या मुलीचे नातेवाईक हद्दीच्या नावावर परत पाठवले जाऊ नयेत, यासाठीच ती तरतूद आहे. आणि इथेच पोस्टचा एक साधा उपयोग आहे. 'येईल परत, वाट पाहा' या उत्तरापुढे घरचे हतबल असतात. पण काल संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटांनी अमुक ठिकाणाहून संदेश आला आणि त्यानंतर सगळे थांबले, असे तारीखवेळेसह लिहून दिले, तर तो अर्ज टोलवणे अवघड जाते.

आतापर्यंतचे सगळे हरवलेल्या माणसाच्या स्वतःच्या पोस्टबद्दल झाले. त्याला शोधणाऱ्यांच्या पोस्टचा हिशेब वेगळा आहे, आणि तिथे माझा सूर अधिक सावध आहे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत हिंडणारे लोक होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, ही व्हॉट्सअॅपवर फिरणारी अफवा त्यामागे होती. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाच चॅटपुरताच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. अमेरिकेत २०१३ साली ब्राउन विद्यापीठातला भारतीय वंशाचा एक विद्यार्थी हरवला होता. घरच्यांनी त्याच्या शोधासाठी फेसबुकवर पान उघडले. बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाल्यावर हौशी शोधकांनी त्यालाच संशयित ठरवले, आणि शिव्याशापांच्या भडिमारात कुटुंबाला ते पान बंद करावे लागले. मुलगा नंतर नदीत मृतावस्थेत सापडला, स्फोटाशी त्याचा काहीही संबंध नव्हता. २०२३ साली इंग्लंडमध्ये नदीकाठून हरवलेल्या निकोला बुली यांच्या बाबतीत व्हिडिओ करणाऱ्यांची इतकी झुंबड उडाली की पोलिसांना लोकांना गावातून हटवण्याचे आदेश काढावे लागले. शेवटी तो अपघाती बुडून मृत्यू ठरला. या तिन्ही ठिकाणी लोकांनी पत्ता शोधला नाही, मजकुरात अर्थ भरला.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते आणि ती बोलायला हवी. सज्ञान मुलगी स्वतःच्या मर्जीने घर सोडून गेली, तरी घरचे 'बेपत्ता' म्हणून तिचा फोटो गावोगाव फिरवतात. तिच्या शोधाला मग शिकारीचे रूप येते. हादिया या तरुणीच्या विवाहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सज्ञान व्यक्तीला जोडीदार निवडण्याचा हक्क आहे हे पुन्हा स्पष्ट केले. म्हणून सज्ञान व्यक्ती सापडली तर ती सुखरूप आहे एवढेच घरच्यांना कळावे, आणि ती कुठे आहे हे तिच्या संमतीशिवाय सांगितले जाऊ नये, असे मला वाटते. मूल अज्ञान असेल तर वेगळी काळजी. बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ आणि पॉक्सोचे कलम २३ मुलाची ओळख उघड करण्यावर बंधन घालतात. कालपर्यंत शोधासाठी फिरवलेला फोटो आज अत्याचाराच्या गुन्ह्यातल्या पीडितेचा फोटो ठरू शकतो. सापडल्यावर तो मागे घेणे शक्य व्हावे, म्हणून आवाहनाचे मूळ एकाच ठिकाणी, पोलिसांच्या किंवा कुटुंबाच्या एकाच पानावर असावे आणि बाकीच्यांनी फोटो उचलून न फिरवता त्या पानाकडे बोट दाखवावे. त्यात जिल्हा, तालुका, पोलीस ठाणे आणि हरवल्याची तारीख असावी. भंडारा जिल्ह्यातले शहापूर, एवढे तीन शब्द लिहायला वेळ लागत नाही.

मग ज्यांना खातेच नाही त्यांचे काय? म्हातारी माणसे, भ्रमिष्ट झालेले, लहान मुले, मजुरीला परमुलखात गेलेले. त्यांच्यासाठी दुसऱ्याची पोस्ट हाच एक दुवा असतो, आणि असा दुवा कधी कधी वर्षानुवर्षे टिकतो. मुंबईतल्या कुर्ल्याची एक बाई २००२ साली दुबईच्या नोकरीच्या आमिषाने निघाली आणि दलालाने तिला पाकिस्तानात नेऊन सोडले. वीस वर्षांनी तिथल्या वलीउल्लाह मारूफ यांनी तिची मुलाखत यूट्यूबवर टाकली. भारतात ती घरच्यांनी ओळखली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती वाघा सीमेवरून परतली.

आणि अंधेरीची एक मुलगी. २२ जानेवारी २०१३ रोजी सात वर्षांची असताना शाळेच्या वाटेवरून नाहीशी झाली. डी. एन. नगर पोलीस ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांच्याकडे हरवलेल्या १६६ मुलींचे तपास होते. त्यांतल्या १६५ सापडल्या होत्या, राहिली होती ही एक. ते निवृत्त झाले तरी तिचा शोध त्यांनी सोडला नव्हता. ऑगस्ट २०२२ मध्ये, ती जिथे कामाला होती त्या घरातल्या दुसऱ्या एका बाईने तिचे नाव इंटरनेटवर शोधले आणि २०१३चे हरवल्याचे पत्रक समोर आले. त्यात मुलीच्या भावनांबद्दल काही नव्हते, कोणाचा तर्क नव्हता. फोटो होता, नाव होते आणि पाच फोन क्रमांक होते. चार लागले नाहीत. पाचवा शेजारच्या माणसाचा होता. तो लागला, आणि पलीकडून त्याने उचलला.